चार बोटं उघडी काच

अर्धा अंश.

काचेवर आतून उमटलेले ओल्या नाकाचे ठसे.

काळा पडदा. त्यावर एकही केस नाही.

कात्रीने कापलेला गळपट्टा.

अठ्ठावीस.

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, वीतभर लांब, पोटात लाल रेघ. मला एका फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीतल्या रसायनाचं तापमान मोजायला घडवलं होतं. वीस अंश म्हणजे वीसच. साडेवीस झाले की मालक बहिणीला म्हणायचा, "ओतून टाक. चेहरे काळवंडतील." अर्ध्या अंशापायी त्याने बादलीभर रसायन मोरीत सोडलेलं मी पाहिलं आहे. लोक म्हणायचे, हात असावा तर असा. त्या हातात मी असायचो, हे कोणी म्हणायचं नाही.

पुढे फिल्म गेली. अंधाऱ्या खोलीची अडगळ झाली. मला पुसून दुकानात एसीखाली खिळ्याला टांगलं. तिथे मी दिवसभर अठ्ठावीस दाखवत बसायचो.

माझ्याकडे रोज बघणारी एकच होती. मालकाची कुत्री, काजळी. माझ्यातली लाल रेघ तिला किडा वाटत असावी. खाली बसून ती हलायची वाट बघायची.

एका कडक उन्हाळ्यात, भर दुपारी मालक तिला बाहेर गाडीत ठेवून आत आला.

"तिला आत आण की, दादा," बहीण म्हणाली. ती फोटोंच्या कडा कापत होती.

"गिऱ्हाईक यायचंय. सहा माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. एक केस चिकटला तर मला फाडून खातील."

"अरे, पण गाडीत?"

"सावलीत लावलीये. काच चार बोटं उघडी आहे." मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे बघ, अठ्ठावीस. थंडी वाजेल तिला."

मित्रांनो, मी दुकानाचं सांगत होतो. गाडीचं मला कोणी विचारलंच नव्हतं.

सावली सरकली. दुकानाच्या काचेच्या दारातून मला सगळं दिसत होतं. काजळी आधी भुंकली. मग धापा टाकू लागली, तोंडातून चिकट लाळ लोंबू लागली. चार बोटांच्या फटीला नाक लावून ती उभी राहिली. मग पाय लटपटले आणि ती दिसेनाशी झाली. मी ओरडू शकत नाही. मी फक्त अठ्ठावीस दाखवू शकत होतो, आणि तेच दाखवत होतो.

चाळीस मिनिटांनी बहिणीचं लक्ष गेलं. हातातल्या कात्रीनेच तिने काजळीच्या गळ्यातला पट्टा कापला, अंगावर पाणी ओतलं, रिक्षाने दवाखान्यात नेलं. एकटीच परत आली.

"डॉक्टर म्हणाले, धाप लागली तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं. साधं पाणी, पंखा, ओली फडकी. बर्फ नाही. आणि लगेच दवाखाना."

"तिचं आयुष्यच तेवढं," मालक म्हणाला.

त्या वाक्याने माझ्यात काहीतरी पेटलं. मला सूड हवा होता. खिळ्यावर लटकलेली वस्तू वाट बघण्यात पटाईत असते.

वर्ष गेलं. मालकाने पिल्लू आणलं. पुन्हा उन्हाळा आला, आणि एका दुपारी तो पिल्लाला उचलून दाराकडे निघाला.

"दहा मिनिटांचं काम आहे. काच उघडी ठेवतो." आणि सवयीने त्याने माझ्याकडे पाहिलं.

बहीण उठली. तिने पिल्लू त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मला खिळ्यावरून उतरवलं.

"आधी तू बस."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"काच चार बोटं उघडी आहे ना? सावली आहे ना? मग बस की दादा. थंडी वाजली तर शाल देते."

रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. त्यांच्यापुढे मागे हटणं त्याला जमेना. सावली तर केव्हाच सरकली होती. तो आत बसला. तिने मला त्याच्या समोर ठेवलं.

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. माझा सूड म्हणजे खरं बोलणं. छत्तीस. एकेचाळीस. त्याचा सदरा पाठीला चिकटला. पंचेचाळीस. तो माझ्याकडे तसाच बघत होता, जशी काजळी बघायची. चढलो, अजून चढलो. माझे आकडे पन्नासला संपतात. त्याच्याही पुढे गेलो आणि माझी रेघ तुटली.

त्याने दार ढकललं.

"सात मिनिटं," बहीण म्हणाली. "काजळी चाळीस मिनिटं होती."

तो फुटपाथवर बसून राहिला. मला चाळीस हवी होती. मी अजूनही त्याला माफ केलेलं नाही.

आता मी निकामी आहे. तुटक्या रेघेसह गाडीच्या आरशाला लोंबतो, बहिणीनेच मला बांधलंय. पिल्लू दुकानात फोटोमागे जमिनीपर्यंत सोडलेल्या काळ्या पडद्यावर झोपतं आणि पडदाभर केस असतात. तुम्ही मात्र भिंतीवरच्या माझ्यासारख्याला विचारू नका. जिथे तुमचं जनावर बांधलंय तिथे आधी स्वतः बसा. अंगात काजळीसारखा केसाळ कोट घालून बसा.

काळ्या कपड्यांतली ती सहा माणसं, काजळी गेली त्या दुपारी आलीच नव्हती.