दुसरा ब्रेक

मी लोकांना गाडी शिकवतो. माझ्या गाडीत बाजूच्या सीटखाली एक जादा ब्रेक आहे आणि त्यावर माझा पाय कित्येक वर्षं मुक्कामाला आहे. शिकाऊ माणूस गाडी कुठेही घालू शकतो यावर माझा गाढ विश्वास, त्यामुळे तो चुकायच्या आधीच मी ब्रेक दाबतो. सवय इतकी हाडीमाशी खिळलीय की घरी कुणी काठोकाठ भरलेलं पातेलं उचललं तरी माझा पाय फरशी दाबतो.

आम्हाला मुलगी झाली. तिला आम्ही ठमी म्हणतो. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, बाळ कसंय, बाळाची आई कशीय. बापाची चौकशी कुणी करत नाही. बाप म्हणजे जणू खरेदीबरोबर मिळालेली पिशवी. ठमीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालून माझी मान आखडली होती, ती एका बाजूला वळेचना. गाडी शिकवणाऱ्याला एकाच बाजूचं दिसणं काही बरं नव्हे, पण सांगणार कुणाला?

बायको दवाखान्यात रक्त तपासते. तिची रजा संपत आली होती. सोमवारपासून ती कामावर जाणार, मी सकाळी लवकर आणि संध्याकाळी क्लास घेणार आणि दिवसभर ठमी माझ्याकडे, असं आमचं ठरलं होतं. सासूबाईंना ते पटलं नाही. त्या मदतीला आल्या होत्या आणि जाताना ठमीला घेऊन जायच्या बेतात होत्या. चालायला लागली की आणून सोडते, म्हणाल्या. त्यांचं गाव म्हणजे अख्ख्या दिवसाचा प्रवास. ठमीचे कपडे त्यांच्या बॅगेत गेलेसुद्धा. माझी पोरगी चालायला लागेल आणि मला ते फोनवर कळेल.

बायकोचं इकडे आड तिकडे विहीर झालं. शेवटी तिनं तोड काढली: शनिवारी ती बाहेर जाईल, आई समोर नुसती बसेल, मी सांभाळून दाखवायचं.

सासूबाई खुर्ची टाकून नुसत्या बसल्या. मी ठमीला उचलायला वाकलो तोच म्हणाल्या, "मान." खरं तर ठमीनं मान धरून महिना झाला होता. तिची मान माझ्यापेक्षा बरी वळत होती. बाटली तोंडाशी नेली, मान. ढेकर काढायला खांद्यावर घेतली, हळू, मान. त्या बोलल्या की मी हात आखडता घ्यायचो, मी हात आखडला की ठमी भोकाड पसरायची, आणि शेवटी त्यांनी तिला उचललं तेव्हा ती लबाड त्यांच्या खांद्यावर एकदम गप्प. "बघितलंत?" सासूबाई म्हणाल्या. मी बाथरूममध्ये गेलो, नळ पूर्ण सोडला आणि रडलो.

रविवारी सकाळी सासूबाईंची शिकवणी असे. या वयात त्यांना गाडी शिकायची हौस, आणि जावई घरचाच. त्या दिवशी माझं अजिबात मन नव्हतं, पण क्लास बुडवणं माझ्या रक्तात नाही. बंद गोदामामागच्या मोकळ्या मैदानात गेलो. त्यांनी क्लच सोडला, मी ब्रेक दाबला. त्यांनी वळण घेतलं, मी ब्रेक दाबला. काही ब्रेक सवयीचे होते, काही शनिवारचे. गाडी आचके देऊन देऊन बंद पडत होती.

शेवटी त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"जावईबापू, गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"तुम्हीच, आई."

"मग तो पाय काढा तिथून. सारखे अडवत राहिलात तर मी शिकायची कशी? चुकू द्या की थोडं."

बोलून झालं आणि त्या काचेतून समोर बघत राहिल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण अगदी जिभेवर आली होती. पण ती आम्हा दोघांनाही लागू होती, म्हणून गिळली. मी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसलो.

सासूबाईंनी एक फेरी मारली. मग दुसरी, जरा जोरात. मग एक रिकामं पिंप आडवं केलं. ते गडगडत कुंपणापर्यंत गेलं. माझा पाय मांडीखाली ब्रेक शोधत होता. बाकी काही झालं नाही. सासूबाई इतक्या हसल्या की गाडी थांबवून त्यांना चष्मा पुसावा लागला.

घरी आलो तर ठमी रडत होती. बायकोनं ती माझ्या हातात दिली आणि सोमवारच्या खरेदीला बाहेर पडली. सासूबाई सवयीनं अर्ध्या उठल्या. मग परत बसल्या. दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली आणि हात मांडीखाली दाबून धरले.

मी डायपर उलटं लावलं, काढलं, परत लावलं. दूध निम्मं ठमीच्या पोटात गेलं, निम्मं माझ्या बाहीत. ती रडतच होती. मला गाणं एकही येत नाही, म्हणून तिला घेऊन फिरत फिरत रस्त्यावरच्या पाट्याच चालीत म्हटल्या. पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, वेग कमी करा. 'हॉर्न वाजवू नका' आलं आणि तिचे डोळे मिटले.

सासूबाईंचे ओठ मघापासून हलत होते. शेवटी राहवलं नाही. "मान," म्हणाल्या.

"नीट धरलीय, आई."

"तिची नाही हो, तुमची. कालपासून बघतेय, वळतच नाहीये. ठेवा तिला पाळण्यात आणि पडा जरा. मी बसते इथं. हात लावणार नाही."

माझ्या मानेची चौकशी करणारं ते पहिलंच माणूस. ठमीला ठेवलं आणि आत जाऊन आडवा झालो.

मान दाराच्या बाजूला वळत नव्हती, त्यामुळे दिसलं काही नाही, नुसतं ऐकलं. आधी बॅगेची चेन हळूच सरकली. मग आमच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण करकरला, ठमीच्या झबल्यांचा.