बेरिलने मढवलेले पंख

सत्तर वर्षांपूर्वीचा, घरी जुळवायच्या छोट्या विमानाचा संच न उघडलेल्या खोक्यात हाती लागणं म्हणजे मॉरिस थॅकरसारख्या माणसाला लॉटरीच. लिंकनशायरच्या त्या सपाट, ओलसर मुलखात छोटी विमानं बांधून उडवणाऱ्या म्हाताऱ्यांना तोटा नव्हता, पण मूळ नकाशासकट, एकही फळी न मोडलेला असा संच त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला आला नव्हता. बदल एकच करायचा होता. नकाशात नाकाशी चिमुकलं डिझेल इंजिन होतं, तिथे मॉरिस विजेची मोटर बसवणार होता. पंखा बोटाने गरकन फिरवून इंजिन चालू करण्याइतकी ताकद त्याच्या बोटांत आता उरली नव्हती, आणि इंधनातल्या ईथरच्या वासाने बेरिलचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, डोकं उठायचं. मोटर बसणार म्हटल्यावर तिने खुशीने स्वयंपाकघरातलं टेबलच त्याला देऊन टाकलं.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांची कामं वाटली गेली होती. लाकूड आणि तारा त्याच्या. सांगाड्यावर पातळ जपानी कागद चढवायचं काम तिचं. खळ लावून ती कागद बसवायची, त्यावर पाण्याचा फवारा मारायची, आणि वाळताना तो असा ताठ व्हायचा की टिचकी मारली तर ढोलकीसारखा बोलावा. याही वेळी तिने दोन दिवस मान मोडून विमान मढवलं.

दुसऱ्या दिवशी मॉरिसने तोल पाहिला. त्याची रीत साधी आहे. पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचलायचं, ते आडवं राहिलं की झालं. इंजिनाच्या जागी हलकी मोटर आली की शेपटी जड होते, म्हणून बॅटरी पुढे सरकवायची. तोल जमला. पण पुढच्या सकाळी शेपटी खाली गेली. त्याने नाकात शिशाचा तुकडा घातला, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातला त्याचा जुना दोस्त लेन पास्क हसून म्हणाला की या मुलखात उंदीरसुद्धा दमट असतात, तू जुन्या लाकडाचं काय घेऊन बसलास.

मग मॉरिसने जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. अख्खं विमान काट्यावर ठेवलं. शिसं धरूनही सहाशे ग्रॅम भरायला हवं होतं, दीड किलो भरलं. दुसऱ्या दिवशी पावणेदोन. त्यानंतर रोज पाव किलो, दूधवाल्याच्या नेमाने.

त्याच सुमारास त्याच्या ध्यानात आलं की बेरिल जिन्यावरून उतरते तेव्हा जिना करकरत नाही. आयुष्यभर ती त्या आवाजावरून कळायची. आता एकदम पाठीशी उभी दिसे. खाणंपिणं उत्तम, गाल तसेच, कंबर तशीच. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांना तिचं वजन तीन किलोंनी कमी दिसलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि काटा बिघडला असणार म्हणून सोडून दिलं. मॉरिसने घरी येऊन विमान तोललं. तीन किलो सहाशे. 

बेरिल सिंकपाशी कपबश्या विसळत होती. त्याने तिच्याकडे पाठ करून आत काय भरलंय ते पाहायला शेपटीच्या कडेला पातं घातलं आणि बोटभर कागद सोलला.

"मॉरिस," ती मागून म्हणाली, "माझ्या पायांना जमीन लागत नाहीये रे."

त्याने घाईघाईने कागद पुन्हा चिकटवला. चक्कर आली असेल, असं म्हणून ती विसळायला लागली. मॉरिसला मात्र कळून चुकलं होतं की बेरिलचं जे काही गेलं होतं ते या कागदाच्या आत होतं, आणि कागद फाटला तर ते कुठे जाईल हे सांगणारं कुणी नव्हतं. त्याने विमान कपाटात बंद केलं. इतका तो कधीच भ्याला नव्हता.

पण क्लबाचा जुनी विमानं उडवायचा रविवार जवळ आला आणि बेरिल हटून बसली. आपण मढवलेलं प्रत्येक विमान तिने उडताना पाहिलं होतं. तोल बसत नाही, असं त्याने कसंबसं सांगितलं.

"मग लेनला उडवू दे," ती म्हणाली. "त्याला कुठे तोलाचं सोयरसुतक? जन्मात एक विमान धड उतरवलं नाही त्याने."

लेनच्या हाती ते जाणार या कल्पनेनेच मॉरिस गार झाला. त्यापेक्षा आपणच जमिनीलगत एक फेरी मारावी आणि मऊ गवतात अलगद उतरवावं, असं त्याने ठरवलं.

रविवारी स्वच्छ ऊन होतं. बेरिल कापडी घडीच्या खुर्चीत, मांडीवर थर्मास घेऊन बसली. विमान सोडायला लेनने ते दोन्ही हातांनी उचललं आणि तो कण्हला.

"विटा भरल्यास काय रे म्हाताऱ्या? दगडासारखं पडेल हे."

पडलं नाही. लेनच्या हातातून सुटलं आणि कापसासारखं वर गेलं. मॉरिसने अर्धी फेरी होताच मोटर बंद केली. ते चढतच राहिलं. "वर चढणारी ऊन हवा लागली त्याला, नशीबवान आहेस," लेन म्हणाला. नाक खाली यावं म्हणून मॉरिसने हातातल्या विमान चालवायच्या रेडिओची दांडी पुढे रेटली. शेपटीची पट्टी इमानाने हलली, पण विमान खाली येईना. मोटर बंद असल्यामुळे माळावर कसलाच आवाज नव्हता, फक्त बेरिल लहान मुलीसारखी खुदखुदत होती आणि ते हसू खुर्चीच्या बाजूने येतंय असं त्याला वाटेना.

त्याने वळून पाहिलं. ती खुर्चीतच होती. तिच्याखालचं कापड मात्र नव्या कोऱ्या चादरीसारखं सपाट, जराही झोळ न पडलेलं.

मॉरिसने रेडिओ गवतात टाकला, धावत तिच्या मागे गेला आणि दोन्ही तळहात तिच्या खांद्यांवर ठेवून सगळा जोर लावला.

"अरे, सगळ्यांच्या देखत?" ती लाजून म्हणाली.

त्याने कोपरं ताठ केली. दाबलेले हात हळूहळू वर येत होते.