सुट्टीचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. 'बोलतोय' हे आपलं म्हणायचं म्हणून. मला एकच अक्षर येतं आणि तेही ओरडून. शिवाय खालच्या खोलीत कुणी बटण दाबल्याशिवाय ते एक अक्षरही माझ्या तोंडून निघत नाही. मनातलं असं मी आजवर कधी काही बोललोच नाही. पण उद्या मला इथून उतरवणार आहेत. आता तोंड मिटून बसलो तर ते कायमचंच.

नदीकाठी एक सूतगिरणी आहे, तिच्या मनोऱ्यावर माझा मुक्काम. इथून सगळं शहर दिसतं. शहर कसलं, टेकडीवरून नदीपर्यंत घसरत आलेली घरं. इथले सगळे रस्ते वरून खाली येतात, आडवा रस्ता म्हणून नाहीच. शेजारच्या गल्लीत जायचं तरी माणूस आधी नदीपर्यंत उतरतो, जरा पाणी बघतो, ओळखीच्या दोघांशी बोलतो आणि मग पुन्हा चढ चढतो. मीठ आणायला गेलेला माणूस जेवणं उरकल्यावर परत येतो आणि घरात त्याला कुणी काही विचारत नाही.

मी नवा होतो तेव्हा नदीला गिरणीचा रंग असायचा. निळं सूत रंगवलं की नदी निळी, तांबडं रंगवलं की तांबडी. पांढरे कपडे भिजवण्याआधी बायका पोराला नदीचा रंग बघायला पिटाळायच्या. एखाद्या घरात सासू-सुनेचं वाजलं की शेजारीपाजारी म्हणायचे, "आज तिथली नदी तांबडी आहे." जे काही घडेल त्यात नदीला ओढायचं, ही इथल्या लोकांची खोडच.

माझं काम सोपं होतं. सकाळी एक लांब सूर, म्हणजे या. संध्याकाळी दोन आखूड, म्हणजे आता घरी जा. लांब वाजलो की सगळ्या उतारांवरची दारं उघडायची. डबे हलवत, केस बांधत, मागे राहिलेल्यांना हाका मारत माणसं खाली यायची. तान्ही मुलं माझ्या आवाजाने दचकत नसत; सुट्टीच्या दिवशी मी गप्प असलो की मात्र किरकिर करत. खोटं कशाला सांगू, मला वाटायचं हे शहर मीच चालवतो.

त्या गर्दीत एक बाई रोज सगळ्यांच्या पुढे असायची. ती सूत गुंडाळून कांड्या भरायच्या खात्यात होती. बारीक अंगाची, चालणं म्हणजे धावणंच. फाटकवाल्याने तिचं नाव पहिलीबाई ठेवलं आणि पुढे तिच्या नवऱ्यालासुद्धा लोक पहिलीबाईंचे यजमान म्हणून ओळखायला लागले.

फाटकवाला तिला चिडवायचा, "बाई, घरी चहाबिहा मिळतो की नाही?"

"चहा काय, दुपारीही मिळतो," ती म्हणायची. "भोंगा पुन्हा होणार आहे का?"

यायला पहिली आणि जायला शेवटची. माझे दोन आखूड सूर झाले की बाकीच्या बायका हात झटकून उठायच्या. ही मात्र हातातली कांडी पुरी करूनच निघायची. पण दोन सूर ऐकल्याशिवाय ती जागची हललेली मी कधी पाहिली नाही. एकदा तिच्या मुलाला ताप भरला, शेजारीण बोलवायला आली, तरी हिने आधी मुकादमाकडून रजा घेतली आणि वर विचारलं, "भोंगा न होता गेले तर चालेल ना?"

मग एक दिवस गिरणी बंद पडली. का पडली ते मला उंचावरून कळलं नाही आणि खाली असलेल्यांनाही नीट कळलं नसावं. सकाळी मी नेहमीसारखा लांब वाजलो, माणसं आत गेली, यंत्रं सुरू झाली. ऐन दुपारी कचेरीतले लोक खात्याखात्यात फिरले. "आज घरी जा, उद्या कळवू," एवढंच म्हणाले. ज्याच्या हाती माझं बटण होतं त्यालाही बाहेर काढलं. फाटकाला कुलूप लागलं. सुट्टीचा भोंगा झालाच नाही.

लोक हळूहळू पांगले. पहिलीबाई फाटकाशी उभी राहिली.

"अगं, चल," मैत्रिणी म्हणाल्या.

"सुट्टी कुठे झालीय अजून?"

दिवस मावळेपर्यंत ती तिथेच होती. शेवटी नवरा येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, चांगलं रागाने पाहिलं. मी तरी काय करणार होतो?

उद्या कळवू म्हणणाऱ्यांनी पुढे काहीच कळवलं नाही. नदी आपल्या मूळ मातकट रंगावर आली. शहराने या गोष्टीची थट्टा करून टाकली, कारण दुसरं काही करणं त्याच्या हातात नव्हतं. रस्त्यात भेटलेले दोघे एकमेकांना विचारायचे, "काय, झाली का सुट्टी?" आणि उत्तर ठरलेलं असायचं, "आपली कुठली होतेय!" कामाला असलेली माणसं म्हणायची, रिकामी म्हणायची, म्हातारी तर खाटेवरून म्हणायची. गिरणीत ज्यांनी पाऊल टाकलं नाही अशी पोरंही ते शिकली.

पुढे नगरपालिकेने मला कामाला लावलं. नदीला पूर येतो, लोकांना आधी सांगायला काहीतरी हवं, मनोऱ्यावर भोंगा आयता आहे. कुणीतरी म्हणालं, लांब वाजवा, लांबवर ऐकू जाईल. सगळ्यांना पटलं. सभेत गिरणीत राबलेली माणसंही बसली होती. त्यांनीही माना डोलावल्या. तो लांब सूर ऐकून या शहराचे पाय कुठे वळतात, याचा विचार एकाच्याही मनात आला नाही. मनातल्या मनात मी ओरडत होतो. पण माझं बटण मनात नव्हतं.

पहिला पूर आला, मी लांब वाजलो आणि सगळं शहर उतारांवरून खाली आलं. छत्र्या घेऊन, मुलांना खांद्यावर बसवून. लग्नाच्या पंगतींची करावी तशी पुरांची तुलना सुरू झाली. "हा काय पूर! पूर बघावा तो आमच्या धाकट्याच्या जन्माच्या वर्षीचा." मी जितका ओरडलो तितके लोक वाढत गेले. तेव्हापासून इथे एक म्हणच पडली, पूर आला की भांडी वर आणि माणसं खाली. लोक हसून म्हणायचे. मला हसू यायचं नाही.

माझं बटण दाबायचं काम ज्याला मिळालं तो पहिलीबाईंचाच मुलगा. लोक त्याला भोंगेवाला म्हणायचे. सरळ माणूस. तेल घालायला वर आला की माझ्यावर हात ठेवून म्हणायचा, "काय बाबा, घसा बरा आहे ना?" इतक्या वर्षांत माझी चौकशी करणारा तेवढा एकच.

तोवर पहिलीबाईंचं विसरणं सुरू झालं होतं. आधी सामान कुठे ठेवलं ते विसरल्या, मग नवरा गेल्याचं विसरल्या. सुनेला म्हणायच्या, "तू कुणाची गं? छान आहेस." सून बिचारी हसून सांगायची, "तुमचीच, आई." फक्त मला त्या विसरल्या नाहीत. दरवर्षी पाऊस यायच्या आधी एकदा मला वाजवून बघतात. त्या वर्षी मी वाजलो आणि पहिलीबाई डबा घेऊन फाटकाशी हजर झाल्या. डबा रिकामाच होता. मुलगा हसत हसत त्यांना घरी घेऊन गेला. रस्त्यावरचे लोकही हसले, "झाली का सुट्टी?" त्यानंतर मला वाजवायचं असलं की सून आधी दाराला कडी लावून घ्यायची.

आणि मग यंदाचा पूर आला.

डोंगरात रात्रभर कोसळलेलं पाणी सकाळी इथे पोचलं. एवढं पाणी मीसुद्धा पाहिलं नव्हतं. मुलगा धावत मनोऱ्यात आला. मधल्या मजल्यावरच्या खोलीत माझं बटण आहे आणि तिथली एकुलती खिडकी नदीकडे उघडते; फाटक तिथून दिसत नाही. त्याने बटण दाबलं ते दाबूनच धरलं. काठच्या गल्लीतल्या घरांत अजून माणसं होती. ती उठायला हवी होती, म्हणून तो बरोबरच होता.

मला नदीही दिसत होती आणि शहरही. भोंगेवाल्याच्या घरी सून पिठाचे डबे माळ्यावर चढवत होती. दार उघडं होतं. त्या दारातून पहिलीबाई बाहेर पडल्या, डबा घेऊन, अगदी पूर्वीच्या चालीने. लोक वर चढत होते. या वेळी नदीने थट्टेला जागा ठेवली नव्हती. त्या चढणाऱ्या लोकांमधून वाट काढत एकटी म्हातारी खाली येत होती. एक-दोघांनी हाक मारली. त्यांनी हातानेच सांगितलं, भोंगा झालाय.

मी थांबलो असतो तर त्या कदाचित थबकल्या असत्या. पण मी थांबू शकत नव्हतो. मी जितका लांबत गेलो तितक्या त्या घाई करत गेल्या. त्यांना वाटत होतं, आज उशीर झाला. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. त्यांनी फाटकाचे गज धरले आणि हलवायला लागल्या. त्या हाका मारत होत्या आणि माझ्याच आवाजाखाली त्यांचा आवाज मुलाला ऐकू येत नव्हता. काठच्या गल्लीतला शेवटचा माणूस वर गेला, तेव्हा कुठे त्याने बटण सोडलं. मी गप्प झालो आणि त्याला आईचा आवाज आला.

"उघड की रे! आज पहिल्यांदाच मागे राहिले!"

तो कसा खाली उतरला ते त्यालाच ठाऊक. फाटकाशेजारच्या लहान दारातून तो बाहेर गेला. पाणी कमरेला होतं. त्याने तिला मागून धरलं.

"आई, मी आहे. घरी चल."

"सोड. कामाची पाळी सुरू झालीय."

"सुट्टी झाली, आई."

"भोंगा कुठे झाला? मी काय बहिरी आहे?" त्यांनी गज आणखी घट्ट धरले. "दोन आखूड वाजू देत, मग येते. न सांगता कशी येऊ?"

तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. दोन आखूड सूर हवे होते, बस. पण तिला सोडून वर आला असता तर पाण्याने तिला नेलं असतं, आणि तिथेच थांबला तर बटण दाबणार कोण? मला ते दोन सूर पाठ होते. आयुष्यभर रोज म्हटले होते. माझ्याजवळ फक्त हात नव्हते.

शेवटी एक नावाडी होडी घेऊन आला. "दादा, आता विचार करू नका," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून त्या म्हातारीची बोटं एकेक करून गजावरून सोडवली. त्या ओरडत होत्या, की माझा दिवस बुडतोय. डबा पाण्यावर तरंगत निघून गेला.

टेकडीवरच्या शाळेत लोकांना ठेवलं होतं. तिथलं मला मुलाने सांगितलं. पाणी उतरायच्या आत तो होडीतून आला, खोलीत गेला आणि त्याने बटण दाबलं. आखूड. पुन्हा आखूड. शहरात वीज नव्हती, मी वाजलोच नाही. तो जिना चढून माझ्यापाशी आला आणि भिजलेल्या पत्र्यावर बसला.

"अंगात ताप आहे," तो म्हणाला. "सारखी विचारते, झाली का सुट्टी? मी म्हणतो, झाली गं. तर म्हणते, मला नाही ऐकू आला."

मग खाली पाण्यातून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

वीज आली त्याच्या आदल्या दिवशी पहिलीबाई गेल्या. सून त्यांचा हात धरून बसली होती. त्या कांडी भरल्यासारखी बोटं हलवत होत्या, आणि हलवता हलवताच थांबल्या.

त्यानंतर नगरपालिकेने ठरवलं, की आता पुराचा निरोप प्रत्येकाच्या फोनवर जाईल. चांगलंच आहे. त्या निरोपात स्पष्ट लिहिलेलं असेल, वर जा. मला ते कधीच सांगता आलं नाही. माझी तार कालच कापली. आज सकाळी मुलगा शेवटचा वर आला. माझ्यावर हात ठेवला, पण घशाची चौकशी केली नाही. उद्या मला उतरवून भंगारात घालतील.

इथून मला अजून नदीकाठचे बाक दिसतात. गिरणीतली उरलीसुरली म्हातारी माणसं संध्याकाळी तिथे येऊन बसतात, फाटकाकडे तोंड करून. अंधार पडला तरी उठत नाहीत. घरची मुलं बोलवायला येतात, तेव्हा कुठे कुरकुरत निघतात. लोकांना वाटतं, हवा खायला बसतात.

तुमच्यापैकी कुणाला माझी एवढी कीव आली, तर त्या बाकांशी जा आणि माझा निरोप सांगा. तुम्हाला बोलावलं होतं मीच, आणि परत पाठवायचं राहून गेलं. तार नाही, हात नाही, तरी आज मी सांगतो आहे. झाली सुट्टी. हातातली कांडी तशीच राहू द्या आणि घरी जा.

पहिलीबाई, तुम्ही रोज शेवटी निघायच्या. आज आधी तुम्ही निघा.