सहा वड्या आणि सहाशे वड्या

मित्रांनो, माझे पोट अवघे पाच लिटरचे आहे. कारखान्यात सगळे मला ‘धाकटी’ म्हणतात. मी पोलादाची जुनी टाकी. माझी भिंत दोन बोटे जाड आहे आणि झाकणाला बारा बोल्ट. इजिप्तमधल्या मन्सूरा शहराबाहेर, भाताच्या गिरण्यांमागे एक कारखाना आहे. त्याच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली मी पडून असते. एक मांजरी दरवर्षी माझ्या आडोशाला विते. मला त्याचे वाईट वाटत नाही.

माझा जन्म कैरोतल्या एका लोहारकामाच्या गल्लीत झाला. उस्ता शिहाताने मला वितळजोड, म्हणजे वेल्डिंग, देऊन घडवले. उस्ता म्हणजे आमच्याकडचा मुरलेला कारागीर. त्याआधी तो बॉयलर दुरुस्त करायचा. डॉक्टर नजला शिन्नावी या रसायनशास्त्राच्या बाई त्याच्याकडे कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “उस्ता, हवेच्या दाबाच्या शंभरपट दाब सोसेल अशी टाकी हवी.” उस्ताने कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला आणि म्हणाला, “टाकी सोसेल. तुम्ही सोसाल का, ते बघा.” पुढे बाईंनी त्यालाच आपल्या कारखान्यात बोलावून घेतले.

माझे काम काय होते, ते सांगते. भाताचे तूस जाळले की पांढरी राख उरते. त्या राखेपासून बाई काचेसारखी जेली बनवत आणि अल्कोहोलमध्ये भिजवून ठेवत. ही जेली उघड्यावर वाळवली, तर उन्हातल्या टोमॅटोसारखी आक्रसते. म्हणून ती माझ्या पोटात ठेवत. मग कार्बन डायऑक्साइड भरून दाब वाढवत आणि मला जरा ऊब देत. अशा वेळी तो वायू धड वायूही नसतो आणि धड पाणीही नसतो. तो जेलीतले सारे अल्कोहोल हळूच बाहेर नेतो आणि जेलीला त्याचा पत्ताही लागत नाही. शेवटी वायू हळूहळू बाहेर सोडतात आणि मागे उरते ते एरोजेल. त्यातली छिद्रे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक असतात. त्या छिद्रांत हवा अडकून पडते आणि म्हणून उष्णता त्यातून सहसा पलीकडे जात नाही.

पहिली वडी निघाली ती तळहाताएवढी, निळसर होती. फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी.

“दोन महिने खपून आपण धूर बनवला?” उस्ता म्हणाला.

“धूरच आहे. पण हातात राहणारा,” बाई म्हणाल्या. त्यांनी चहाच्या शेगडीवर जाळी ठेवली, जाळीवर वडी आणि वडीवर लोण्याचा गोळा. खाली ज्योत पेटलेली होती, तरी गोळा तसाच राहिला.

उस्ताने वाकून लोण्याला बोट लावून पाहिले. “हे आमच्या घरी दाखवू नका,” तो म्हणाला. “बायको म्हणेल, तुमचं डोकं याचंच बनलंय. कितीही तापवा, आत काही पोचतच नाही.”

त्यानंतर पाच वर्षे मी रोज सहा वड्या दिल्या. पाहुणे येत, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. वर्तमानपत्रात एकदा माझे छायाचित्र आले. त्यात मी थोडी वाकडी दिसते.

मग वगीह बे आले. बे म्हणजे आमच्याकडे साहेब. कारखान्यात त्यांची भागीदारी होती. दक्षिणेकडे, अस्वानच्या बाजूच्या गावांतल्या दवाखान्यांसाठी औषधांच्या पेट्या बनवणारी एक संस्था त्यांनी गाठली होती. तिथे उन्हाळ्यात वीज जाते आणि इन्शुलिन खराब होते. एरोजेलचे अस्तर लावले की पेटी दोन दिवस थंड राहते. संस्थेला महिन्याला हजारो वड्या हव्या होत्या. मी रोज सहा देत होते.

म्हणून पाचशे लिटरची टाकी आली. तिचे नाव ‘थोरली’. वगीह बे म्हणाले, “शंभरपट टाकी, शंभरपट माल. यात अवघड काय?”

पहिला घाणा काढला तेव्हा सगळे उभे होते. कडेच्या वड्या चांगल्या होत्या. मधल्या साऱ्या पांढुरक्या, आक्रसलेल्या निघाल्या; काहींचा चुरा झाला होता. दुसरा घाणाही तसाच. अकरावाही तसाच. बाईंनी अल्कोहोल बदलून पाहिले, वेळ वाढवून पाहिला. खरे सांगते, थोरली फसली तेव्हा मला जरा बरे वाटले होते. आता ते आठवले की ओशाळवाणे वाटते.

नमुना पाठवायची तारीख तोंडावर आली. एका दुपारी वगीह बे माझ्यावरच हात टेकून बोलले, “डॉक्टर, ही रोज सहा देते ना? वीस दिवस चालवा. शे-सव्वाशे वड्या होतील. थोरलीच्या म्हणून पाठवून देऊ. कोण विचारायला येतंय कुठल्या पोटातून निघाल्या?”

“आणि पुढच्या महिन्यात त्यांनी सहा हजार मागितल्या तर?”

“तोवर थोरली सुधारेल.”

“नाही सुधारली, तर त्या पेट्यांत मधल्या वड्या जातील, बे. वरून ओळखू येणार नाहीत. पेटी गरम होईल आणि कोणाचं तरी इन्शुलिन पाणी होईल. ज्याला टोचतील त्याला कळणारसुद्धा नाही.”

“तुमच्या हट्टापायी इथे चाळीस माणसं घरी बसतील!”

“बसतील कदाचित,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातला रुमाल त्यांनी पिळून पिळून दोरीसारखा केला होता. त्यांनी तिथेच संस्थेला फोन लावला आणि आमचा मोठ्या टाकीचा माल अजून पास नाही, असे सांगून टाकले. पलीकडून ईदपर्यंतची मुदत मिळाली. म्हणजे सात आठवडे. वगीह बे दार आपटून गेले आणि पुढचे दहा दिवस फिरकले नाहीत.

उस्ता कोपऱ्यात फूल, म्हणजे आमच्याकडची बाकल्याची उसळ, आणि कांदा खात बसला होता. भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून तो म्हणाला, “बाई, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा.”

“घरच्या पातेल्यातली मुलुखियाची पातळ भाजी पाच मिनिटांत निवते. लग्नाच्या हंड्यातली संध्याकाळपर्यंत मध्ये गरमच. हंड्याच्या मधल्याला बाहेरची खबरच नसते. आपण वायू सोडतो तेव्हा टाकी आत गार पडते. धाकटीला भिंतीची ऊब लगेच मिळते. थोरलीच्या मधल्याला कधी मिळते? तुमचा तापमापक तर भिंतीलाच चिकटलाय. तो भिंतीचीच खुशाली सांगणार.”

बाई उठल्या. त्या थोरलीपाशी गेल्या, परत आल्या आणि खाली बसल्या. “मध्ये गार पडून वायूचं पुन्हा पाणी होत असेल,” त्या पुटपुटल्या. “आणि ते पाणी उडताना वड्या ओढून मोडत असतील. उस्ता, मला मधलं तापमान हवंय. आजच्या आज.”

तिथेच घोडे अडले. इतक्या दाबात तापमापकाची तार आत न्यायची, तर खास जोड लागतो. तो परदेशातून यायला सहा महिने लागणार होते. कारखान्यात तसा जोड एकच होता, आणि तो माझ्या झाकणात वितळजोडाने पक्का बसवलेला होता.

“कापला तर हिचं झाकण पुन्हा दाब धरणार नाही,” उस्ता म्हणाला.

“दुसरा मार्ग आहे?”

“नाही.”

“मग कापा.”

उस्ताने चष्मा चढवला, पोलाद कापायची गॅसची मशाल पेटवली, पुन्हा विझवली. त्याने फडक्याने माझे झाकण पुसले. त्याची गरज नव्हती. मग कापले. अर्ध्या तासात काम झाले, आणि माझे कामाचे आयुष्य तिथे संपले.

थोरलीच्या झाकणात जोड बसला, पाण्याच्या दाबाने तपासला गेला. तापमापकाने उस्ताचेच म्हणणे सांगितले: भिंतीशी चाळीस अंश, मध्ये वीससुद्धा नाही. मग वड्या ठेवायच्या तबकांमध्ये अंतर ठेवले आणि वायू चारऐवजी चौदा तास सोडायचे ठरले. झडप उस्ता स्वतः फिरवायचा. बाहेर जाणाऱ्या नळीवर दव धरले की थांबायचा. दव सुकले की पुन्हा पाव फेरा. ईदच्या पाच दिवस आधी सहाशे वड्या निघाल्या. पाचशे एक्क्याण्णव चांगल्या होत्या. उरलेल्या नऊ बाईंनी स्वतः मोडल्या. माल गेला, संस्थेने घेतला. वगीह बे बसबूसा या रव्याच्या मिठाईच्या दोन पराती घेऊन आले आणि उस्ताच्या तोंडात पहिला तुकडा त्यांनीच घातला.

मला अंगणात नेऊन ठेवले. आधी छप्पर नव्हते, ते नंतर झाले. काही वर्षांनी उस्ता घरी बसला. बाईंचे केस पिकले. मग पाच हजार लिटरची तिसरी टाकी आली. तिची झडप संगणक फिरवतो. आणि पहिल्या घाण्याला मधल्या वड्या पुन्हा आक्रसल्या.

नवी अभियंता मरवा सगळ्या वह्या चाळून थकली. चौदा तास, हे वहीत होते. दवाबद्दल कुठेच एक ओळ नव्हती. बाईंना तोवर वाटत होते, उस्ता नुसता सावकाश फिरवतो. शेवटी मरवा गाडी घेऊन त्याच्या गावी गेली. उस्ता तिच्याबरोबर काठी टेकत कारखान्यात आला, नव्या टाकीच्या नळीवर हात ठेवून उभा राहिला.

“पोरी, हिला घाम आला की दम खाऊ दे,” तो म्हणाला. “तुझा संगणक दम खात नाही.”

“हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही, उस्ता?”

“मला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय.”

मरवाने नळीवर तापमापक बसवला; नळी दव धरण्याइतकी गार पडली की तो संगणकाला थांबवतो. आता तिसरी नीट चालते.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागायचे नाही. मला रंग दिला नाही तरी चालेल. पोलादाला गंज चढायला पुष्कळ वर्षे लागतात. पण माणसाच्या हातातली जाण, तो फाटकाबाहेर पडला की त्याच्याबरोबर निघून जाते. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा आणि तो सांगेल तसे लिहून घ्या. मात्र घाई करू नका. अशी माणसे पहिला चहा संपेपर्यंत कामाचे काहीच बोलत नाहीत.