दाढ्यांचा हंगाम

त्या वर्षी गल्लीत दाढ्यांचं पीक आलं ते मामांमुळे. मामा म्हणजे कोपऱ्यावरच्या एका खुर्चीच्या केशकर्तनालयाचे मालक. गिऱ्हाईक दाढीला बसलं की ते त्याला आरशातून निरखत आणि हळूच म्हणत, "राहू द्या की. चेहऱ्याला वजन येतंय." माणूस खूश होऊन तसाच उठे. पुढे पुढे तर बँकेच्या पहारेकऱ्याने मॅनेजरलाच दारात अडवलं, आणि पाववाल्याच्या बायकोने एकदा भलत्याच दाढीवाल्याला हाक मारून दळण आणायला पिटाळलं. तोही बिचारा आणून देऊन गेला.

खरी गोम मामांच्या उजव्या हातात होती. तो थरथरायला लागला होता. कात्री कशीबशी निभायची. वस्तरा उचलला की पात्यावर दिव्याचा उजेड नाचायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मामींनाही नाही. वस्तरा गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की आपण कोण, इथे येऊन त्यांचा विचार अडायचा. लेक एका मोठ्या सलूनमध्ये कामाला होती. दुकानात दुसरी खुर्ची टाकू या, म्हणून मागे लागली होती. "माझे हात चालतायत तोवर नको," म्हणून मामा तिला उडवून लावत.

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, आणि मामींच्या भावाने मामा, मामी, लेक, सगळ्यांना तळ्यावर नेलं. शेजारचा पाववालाही आला. मेहुण्याला खोट्या माशीने मासे धरायचा नाद होता. गळावर पिसं नि दोरा गुंडाळून माशी बनवायची, लांब लवचीक काठीने ती पाण्यावर अलगद टाकायची आणि मासा फसायची वाट बघायची. वाट बघणं त्याला उत्तम जमे. म्हणून मामींनी बटाटे भरपूर घेतले होते.

गाडीतून उतरताच मेहुणा म्हणाला, "भावोजी, वस्तरा आणलाय ना? घरी जायच्या आत ही दाढी उतरवा. नात मला बघून किंचाळते हो. अजून मांडीवर आली नाही."

"उद्या बघू. आज ऊन फार आहे, कातडी चिडते."

रविवारी मामांना वारा आडवा आला. सोमवारी ना ऊन होतं ना वारा. मेहुणा गळ्यात टॉवेल बांधून, उपड्या घातलेल्या होडीवर हनुवटी वर करून बसला. मामांनी त्याच्या शेजारची काठीच उचलली.

"आधी मला एकदा माशी टाकून बघू दे. तीन दिवस नुसतं बघतोय."

"आयुष्यात काठी धरली नाहीत," मामी म्हणाल्या.

"म्हणूनच."

मामांनी माशी टाकली म्हणण्यापेक्षा ती पडली. पण पडली आणि थरथरू लागली. बारीक, जिवंत, अगदी पाण्यात पडलेल्या किड्यासारखी. तळ्यातल्या माशांनी असा घास कधी पाहिला नसावा. एक आला, दुसरा आला, मागचे पुढच्यांना ढकलू लागले. पाववाल्याने जाळं धरलं, मग बादली, मग पावाची टोपली. शेवटचा मासा ओढून काढला तेव्हा तळ्याचं पाणी वीतभर खाली गेलं. ओली खूण काठावर बरेच दिवस दिसत होती.

मेहुणा टॉवेलसकट धावत आला. "भावोजी, हे मनगट कसं हलवता? मला शिकवा." त्याने तसं करून पाहिलं, माशी झाडाला अडकली. पाववाल्याने केलं, त्याची टोपी पाण्यात गेली.

"जमत नाही," मेहुणा म्हणाला. "आता जरा थांबवून दाखवा. म्हणजे फरक कळेल."

मामांनी काठी घट्ट धरली. दोन्ही हातांनी धरली. माशी थरथरतच राहिली. लेकीने पुढे होऊन काठी काढून घेतली, तरी हात रिकामा थरथरत होता.

"कधीपासून, बाबा?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

पाववाल्याने स्वतःच्या छातीपर्यंत आलेल्या दाढीकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या चेहऱ्याला वजन वगैरे काही आलं नव्हतं?"

आधी मामी हसल्या, मग सगळेच. मामा हसता हसता होडीवर बसले आणि डोळे पुसू लागले.

"दवाखान्यात उद्याच जायचं," मामी म्हणाल्या. "दुकान उघडायच्या आधी."

"दुकान उघडून करू काय?"

लेकीने त्यांच्या पिशवीतून वस्तरा काढला, पट्ट्यावर घासला आणि मेहुण्याच्या गालाला साबण लावला. मामा तिच्या मागे उभे राहिले. हात खिशात गेले, मग त्यांनीच ते बाहेर काढले.

"हनुवटीखाली तीळ आहे त्याच्या. तिथे हळू," ते म्हणाले. "आणि त्याला बोलतं ठेव. गप्प बसला की मान ताठ करतो."

"बोलायचं काम तुमचं. मला ते येत नाही. सलूनमध्ये माझी गिऱ्हाइकं झोपतात."

मामांनी घसा खाकरला आणि मेहुण्याला एका माशाची गोष्ट सांगायला घेतली. मेहुण्याची मान हळूहळू सैल पडली. पाववाला टॉवेल बांधून रांगेत बसला.

"दुसरी खुर्ची खिडकीपाशी ठेवू," मध्येच थांबून मामा लेकीला म्हणाले. "तुझ्या हाताला उजेड लागेल."