उंदरांवर झालेली सरसकट कृपा

उंदरांच्या खोलीत त्या दिवशी उंदरांपेक्षा माणसं जास्त होती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, आणि टोप्यांखाली, संशोधक ताईच्या मते, मोकळी जागा. मधोमध शुद्धिबाबा. मुलांचं खोकल्याचं औषध नासू नये म्हणून त्यात घालायचं एक रसायन ते मंत्राने शुद्ध करणार होते. आधीच्या चाचणीत या रसायनाने उंदरांची गुणसूत्रं तोडली होती. कारखानदाराने रसायन बदलायचं सोडून बाबा आणला.

"दोष म्हणजे द्रव्याचा रुसवा!" बाबा गरजले. उंदरांना द्यायच्या डोसच्या तीन बाटल्या होत्या; तिन्ही त्यांनी शालीखाली घेतल्या, हुंकार दिला, घाम गाळला आणि परत दिल्या. प्रयोगशाळेच्या संचालकसाहेबांनी हात जोडले. उंदरांनी पाठ फिरवली.

डोस दिले गेले. गुणसूत्रं तुटली की पेशीत बारीक ठिपके उरतात. दोन दिवसांनी सगळे पुन्हा जमले. ताईने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी लख्ख! जयजयकार झाला.

"कर सही, ताई," साहेब गहिवरले.

ताईची भाची सतत खोकायची. हेच औषध तिच्या चमच्यात येणार होतं.

"साहेब, एका बाटलीत आपण मुद्दाम गुणसूत्रं तोडणारं विष भरतो ना? चाचणीला दिसतंय की नाही, ते कळायला?"

"हो. मग?"

"ते उंदीरही ठणठणीत आहेत."

"कृपा सरसकट झाली, बाळ!" बाबा घाईने म्हणाले.

"विषावरपण?"

"कृपा भेदभाव करत नाही."

"कशी करणार? बाटल्यांवर नुसते नंबर. रसायन कुठल्या बाटलीत, ते तुम्हाला कळेना, म्हणून तिन्ही बदलल्यात. उरलेले डोस तपासलेत मी. सगळं साखरपाणी! तिसऱ्या बाटलीत तर आम्ही साधं पाणीच भरलं होतं, बाबा. त्याचा कसला रुसवा काढलात?"

तिने शाल ओढली. आत बाटलीच्या मापाचे खिसे शिवलेले. शिवण मात्र खरंच दैवी होती.

बाबाविना चाचणी पुन्हा झाली. विषाने गुणसूत्रं तोडली, रसायनानेही. साध्या पाण्याने काहीच केलं नाही. ताईने सही केली, ती 'नापास'खाली. रसायन औषधात गेलं नाही.

चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका. आधी विचारा: जे बिघडायलाच हवं होतं, ते बिघडलं का?