अंकबाबांचा सिद्ध अंक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर अंकबाबा डोळे मिटून बसले होते. निवृत्त न्यायाधीशांनी मनात एक लांबलचक संख्या धरली, सातला तितक्या वेळा सातनेच गुणलं, त्या गुणाकाराला बाबांच्या भल्यामोठ्या 'सिद्ध अंका'ने भागलं आणि संगणकाने दिलेली बाकी मोठ्याने वाचली. बाबा क्षणभर डोलले आणि मनातली संख्या एकही आकडा न चुकता बोलले! न्यायाधीशांनी लोटांगणच घातलं.

"बाकीवरून मनातलं ओळखायचं म्हटलं की जगातले संगणक हात टेकतात, बाळांनो! आम्ही नुसती नजर टाकतो!" बाबा गरजले. "सगळी कुलपं उघडणाऱ्यानेच घडवलेलं, तुमची गुपितं जपणारं आमचं कवच घ्या. सिद्ध अंकाचं!"

"ताई, उद्यापासून माझ्या रुग्णांची सगळी माहिती या कवचात," प्रेक्षकांतला एक डॉक्टर टाळ्या वाजवत शेजारी बसलेल्या बहिणीला म्हणाला.

ताई गणिताची प्राध्यापिका. माहिती लपवणारी हीच अंकांची कुलपं शिकवण्यात तिची हयात गेलेली. प्रत्येकाने बाबांचाच अंक का घ्यायचा, हे तिला खटकत होतं. तिने तो लॅपटॉपवर घेतला, त्यातून एक वजा केला आणि अवयव पाडले. अंकाचा पार भुगा झाला. ती ताडकन उठली.

"ताई, खाली बस! माझी शोभा होईल."

"आणि नवऱ्यापासून, मालकापासून आजार लपवणारी माणसं तुझ्याकडे येतात, त्यांची झाली तर?"

ती थेट व्यासपीठावर चढली. न्यायाधीशांनंतर पाळी आलेल्या बाईने आपली बाकी वाचली. वर्गात वापरायचा प्रोग्राम ताईकडे होताच. बाबांचे ओठ हलायच्या आत तिने संख्या सांगितली.

"अगबाई, बरोबर!" ती बाई किंचाळली.

"आमचीच कृपा झाली हिच्यावर!" बाबांनी सावरून घेतलं.

"मग थोडी कृपा माझ्या अंकावरही होऊ दे." तिने स्वतःचा अंक पडद्यावर लावला.

"छे छे! या अंकाची कंपनं दूषित आहेत!"

ताईने बाबांच्या मागचा कापडी पडदा खस्सकन ओढला. तिथे एक शिष्य लॅपटॉप आणि माइक घेऊन बसला होता. बाबांचा हात नकळत कानाकडे गेला, तिथल्या यंत्राकडे.

"देवमाणसाचा अपमान!" कुणीतरी ओरडलं. दोघं-तिघं तिच्या अंगावर धावले. डॉक्टर मध्ये उभा राहिला. "तिला बोलू द्या," तो म्हणाला. तो जागचा हलला नाही.

"बारा चाकांचं कुलूप एकदम उघडायला जन्म जाईल," ताई म्हणाली. "पण एकेक चाक सुटं फिरवून पाहता आलं, तर? चाकामागे दहा प्रयत्न, संपलं! बाबांच्या अंकातून एक वजा केला, की छोट्या छोट्या संख्यांचा गुणाकार उरतो. तीच ही सुटी चाकं. प्रत्येक तुकड्यापुरतं उत्तर शोधायचं आणि तुकडे जोडायचे. संगणकाला हे चुटकीसरशी जमतं. चांगल्या अंकातून एक वजा केला, तरी असे सगळेच छोटे तुकडे पडत नाहीत, म्हणून त्यापुढे बाबाही मुके! यांच्या कवचातली तुमची गुपितं कुणीही वाचेल."

न्यायाधीश उठले. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

"नको," ती ठामपणे म्हणाली. "माझ्या पाया पडलात, तर बाबा फक्त बदलला. जो तपासू देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझाही अंक घरी न्या आणि फोडून बघा."